हलाल विचारले, तय्यब विचारायचे राहिले

आम्ही दोघी जावा. सेलूत एकाच घरात राहतो, एकाच चुलीवर स्वयंपाक करतो आणि हा लेखही दोघींनी मिळून लिहिला आहे. म्हणून त्यात सगळीकडे ‘आम्ही’ आहे.

घरात गोश्त आले की आम्ही आजवर एकच प्रश्न विचारत आलो. कुणाकडून आणले? त्या प्रश्नाचा अर्थ घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतो. जबह नीट झाली आहे ना, अल्लाहचे नाव घेतले आहे ना, माणूस ओळखीचा आहे ना. उत्तर मिळाले की आमचे समाधान होई आणि पातेले चुलीवर चढे. जनावर किती वाजता कापले, कशावर ठेवले, कोणत्या पाण्याने सुरी धुतली, घरी येईपर्यंत किती तास उन्हात होते, हे प्रश्न आम्ही कधी विचारले नाहीत. दोन वर्षांपूर्वीच्या बकरी ईदने ते विचारायला शिकवले.

२०२४ ची बकरी ईद १७ जूनला होती. मृग लागला होता, पण उकाडा कमी झाला नव्हता. आमच्याकडे दरवर्षी सात हिश्श्यांची कुर्बानी असते. महाराष्ट्रात गाईंच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूंवरही आली. त्यामुळे इकडे ‘बडे का गोश्त’ म्हणजे रेड्याचे किंवा म्हशीचेच. त्या वर्षीही सात घरांनी मिळून रेडा घेतला होता.

नमाज झाली, कुर्बानी झाली. मग कातडे काढणे, पोट मोकळे करणे, तुकडे करणे, हिस्से लावणे हे सगळे एका मोकळ्या जागेत, जमिनीवर अंथरलेल्या एकाच ताडपत्रीवर झाले. कसाई मंडळींना त्या दिवशी दहा ठिकाणी जायचे होते. ते घाईत होते आणि आपल्या माणसांनाही घाई होती. सात घरांचे हिस्से, मग प्रत्येक घरातले तीन वाटे, मग पिशव्या. आमच्या घरी गोश्त पोहोचले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. लाइट गेलेली. फ्रिजमध्ये आम्ही गच्च भरून ठेवले, राहिलेले घमेल्यात झाकून ठेवले. चारच्या सुमाराला त्यातले काही गोश्त खिमा करायला पाठवले आणि मगरिबनंतर अंगणात शेगडी पेटवून सीख कबाब लावले. मुले भोवती बसून होती. “झाले का, झाले का” असा एकच घोष. पहिले दोन कबाब वरून छान लाल झाले होते, आतून थोडे गुलाबी होते. आमच्या सहा वर्षांच्या धाकटीच्या ताटलीत तेच पडले.

तीन दिवस काही झाले नाही. चौथ्या दिवशी पहाटे ती पोट धरून उठली. दुपारपर्यंत सात-आठ जुलाब झाले. घरात जुलाब थांबवण्याच्या गोळ्या होत्या, त्यातली अर्धी गोळी आम्ही तिला दिली. संध्याकाळी जुलाबात रक्त दिसले. तेव्हा मात्र आमचे हातपाय गळाले.

सेलूच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “घरच्या घरी काही औषध दिलंत का?” गोळीचे सांगितल्यावर ते चिडले नाहीत, पण त्यांनी स्पष्ट बजावले. जुलाबात रक्त असेल तर जुलाब थांबवणारी गोळी द्यायची नाही. ज्या विषाला शरीर बाहेर ढकलत असते, ते गोळीमुळे आतच राहते. ॲंटिबायोटिकही मनाने द्यायचे नाही. ओआरएस देत राहायचे आणि लघवी किती होते यावर लक्ष ठेवायचे. दुसरा प्रश्न त्यांनी विचारला, “गेल्या आठवड्यात अर्धवट शिजलेलं मटण, कबाब असं काही खाण्यात आलं होतं का?”

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहू लागलो. खरे सांगायचे तर पहिली भावना रागाची होती. आमच्या ईदच्या गोश्ताबद्दल हे असे का विचारतात? मग भीती वाटली आणि आम्ही म्हणालो, “नाही, सगळं नीट शिजलेलं होतं.”

आमच्या हातून घडलेली ही सर्वांत मोठी चूक. मुलगी समोर कण्हत होती आणि आम्ही डॉक्टरांशी खोटे बोललो. घरी आल्यावर अम्मींनीही, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, हलक्या आवाजात तेच सांगितले, “बाहर नक्को बोलो बेटा. लोगां को बोलने को बातच चाहिए.” त्यांचे काय चुकले? आपण काय खातो यावर आधीच इतके बोलले जाते. त्यात आपणच आपल्या तोंडाने म्हणायचे की आमचे गोश्त खराब होते? घरातली गोष्ट घरात राहावी असे त्यांना वाटले आणि आम्हालाही तसेच वाटले.

दुसऱ्या दिवशी मुलीची लघवी कमी झाली. डॉक्टरांनी परभणीला न्यायला सांगितले. तिथे मात्र आम्ही सगळे खरे सांगितले. कबाब, त्यांचा गुलाबी रंग, गेलेली लाइट, काही लपवले नाही. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासले, मूत्रपिंडे नीट चालली आहेत का हे रोज पाहिले. अशा काही जुलाबांचे जंतू एक विष सोडतात, त्याने रक्तपेशी फुटतात आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात, आणि हा धोका लहान मुलांना सर्वांत जास्त असतो, असे त्यांनी समजावले. अल्लाहची कृपा, आमच्या मुलीची तब्येत तिथवर गेली नाही. सहाव्या दिवशी ती घरी आली आणि आल्या आल्या तिने खिचडी मागितली.

आमच्या नणंदेचा मुलगा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. दवाखान्यात तो रोज डबा घेऊन यायचा. एका संध्याकाळी आम्ही त्याला विचारले, “गोश्त ताजं होतं, जनावर धष्टपुष्ट होतं. मग हे आलं कुठून?”

तो म्हणाला, “मामी, निरोगी जनावराच्या स्नायूच्या आत जंतू जवळजवळ नसतातच. जंतू असतात कातड्यावर, खुरांवर, शेपटीवर आणि आतड्यात. ते गोश्तावर नेऊन बसवतो तो आपला हात.”

मग त्याने एकेक पायरी सांगितली. ई. कोलाय नावाचा जंतू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी आहेत. पण ओ१५७ सारखे काही प्रकार गाय, म्हैस, बकरी, मेंढी यांच्या आतड्यात सुखाने राहतात, जनावराला काहीच त्रास होत नाही आणि माणसाला मात्र रक्ताचे जुलाब होतात. साल्मोनेलाही तसाच. जनावर निरोगी दिसले म्हणून हे जंतू नाहीत असे समजता येत नाही. कातडे सोलताना सुरी बाहेरून आत जाते, तेव्हा कातड्यावरचे शेण आणि माती तिच्याबरोबर आत जाते. कातडे धरलेला हात तसाच गोश्ताला लागतो. पोट उघडताना ओझरीला किंवा आतड्याला जरा चीर पडली की आतला मळ सगळीकडे पसरतो. जमिनीवर हे काम केले तर तो मळ गोश्ताखालीच साचतो. म्हणून चांगल्या कत्तलखान्यात जनावर टांगून सोलतात, अन्ननलिका आणि गुदद्वार दोन्ही आधी बांधून घेतात, म्हणजे आतले बाहेर येत नाही. दोन सुऱ्या ठेवतात. एक हातात, दुसरी ८२ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात. कातड्याला लागलेली सुरी गोश्ताला लागत नाही.

“आणि खिमा?” आम्ही विचारले.

“गोश्ताच्या मोठ्या तुकड्यावर जंतू वरवर असतात,” तो म्हणाला, “तव्याचा नाही तर रश्शाचा ताव लागला की मरतात. खिमा केला की वरचे जंतू आत जातात. मग कबाब बाहेरून काळा झाला तरी आत ते जिवंत राहतात. खिम्याच्या मध्यभागी ७१ अंश पोहोचायला हवेत.”

आम्हाला अंगणातली ती शेगडी आठवली.

उन्हाचे गणित त्याने शेवटी सांगितले. अंगाच्या उष्णतेइतक्या उबेत हा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. एकाचे दोन, दोनाचे चार. सात तासांत ही दुप्पट एकवीस वेळा होते आणि एकाचे वीस लाख होतात. आमचे गोश्त सकाळी नवापासून दुपारी चारपर्यंत बाहेरच होते.

त्याने हेही सांगितले की हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. १८८८ साली जर्मनीतल्या फ्रांकेनहाउझेन गावात आजारी गाईचे गोश्त खाऊन लोक आजारी पडले, एक तरुण दगावला आणि गेर्टनर नावाच्या डॉक्टरांनी गाईच्या गोश्तातून आणि त्या तरुणाच्या शरीरातून एकच जंतू शोधून काढला. १९९३ साली अमेरिकेत कमी शिजलेल्या हॅम्बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले गेली. १९९६ साली स्कॉटलंडमधल्या विशॉ गावात एका खाटकाच्या दुकानातून गेलेल्या शिजवलेल्या गोश्तामुळे साथ पसरली, वीसहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत चर्चच्या जेवणाला बसलेले म्हातारे होते. श्रीमंत देश, फ्रिज, यंत्रे सगळे असून हे झाले. पण तिथल्या आया-बापांनी तोंड उघडले. अमेरिकेत १९९४ साली खिम्यात ओ१५७ सापडला की तो खिमा भेसळीचा मानायचा असे ठरले. विशॉनंतर कच्चे गोश्त आणि शिजवलेले गोश्त वेगळ्या जागी, वेगळ्या सुरीने, वेगळ्या हातांनी हाताळावे यावर तिथे कडक भर दिला गेला. तिथल्या लोकांनी “बाहेर बोलू नका” म्हटले असते तर यातले काहीच झाले नसते.

हे ऐकूनही कदाचित आम्ही गप्पच राहिलो असतो. पण घरी आल्यावर दोन दिवसांनी आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या खाला आल्या. त्या चार दिवस आल्या नव्हत्या. कारण विचारले तर त्या टाळू लागल्या. खूप विचारल्यावर कळले की त्यांचा नातूही ईदनंतर आजारी होता. तेच पोटदुखी, तेच जुलाब. सलाइन लावावे लागले होते.

“मग सांगितलं का नाही?”

त्या म्हणाल्या, “ईदचं गोश्त तुम्ही प्रेमानं दिलं. त्याला नाव कसं ठेवू?”

ते वाक्य आमच्या काळजात रुतून बसले. कुर्बानीचे तीन वाटे करायचे असतात. एक घरचा, एक नातेवाइकांचा, एक गरिबांचा. आम्ही नेहमी घरचा वाटा आधी फ्रिजमध्ये ठेवायचो, नातेवाइकांचा मुलांच्या हाती लगेच पाठवायचो आणि गरिबांचा वाटा, जो येईल त्याला द्यायला, दारात घमेल्यात ठेवायचो. म्हणजे सर्वांत जास्त वेळ उन्हात राहणारे गोश्त गरिबाच्या घरी जात होते, आणि त्याच्याच घरी फ्रिज नव्हता. आमची मुलगी आजारी पडली ते आम्हाला कळले. आमच्या दारातून पिशवी नेलेल्या घरांत कोण आजारी पडले, हे आम्ही इतक्या वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

कुरआनात खाण्याबद्दल हलाल या शब्दासोबत तय्यब हा शब्द येतो. तय्यब म्हणजे चांगले, स्वच्छ, निर्मळ. आम्ही लहानपणी मदरशात दोन्ही शब्द एका दमात पाठ केले होते. मोठेपणी पहिला लक्षात ठेवला आणि दुसरा विसरलो. जबह बरोबर झाली की आमच्या लेखी सगळे बरोबर झाले. पण जबह झाल्यापासून घास तोंडात जाईपर्यंतचे तासही आपल्याच हिशेबात धरले जाणार ना?

पुढच्या वर्षी ईद ७ जूनला होती. दोन महिने आधी अम्मींनीच विषय काढला. आमच्या मिस्टरांनी आणि दिरांनी साती घरांच्या माणसांना बोलावले, कसाई चाचांनाही बोलावले. चाचांना आधी वाईट वाटले. “पस्तीस वर्षं हेच काम करतोय,” ते म्हणाले. मग भाच्याने बांधायच्या दोऱ्याचे आणि दोन सुऱ्यांचे सांगितले तेव्हा ते हसले. “हे आमच्या अब्बांना ठाऊक होतं. ते दोरी बांधायचे. आता दिवसाला दहा जनावरं, पाणी विकत, वेळ कुणाला आहे?” त्यांचेही खरे होते. ज्याला स्वच्छ काम करायला पाणी, जागा आणि वेळ मिळत नाही, त्याच्याकडून फक्त स्वस्त आणि लवकर मागायचे आणि खराब झाले की दोष त्याला द्यायचा, हा न्याय नाही. आम्ही त्यांच्या मजुरीत भर घातली आणि पाण्याची दोन पिंपे आमच्याकडून दिली.

त्या वर्षी जनावराला आदल्या रात्रीपासून चारा बंद ठेवला, पाणी मात्र भरपूर दिले. आतडे रिकामे असले की फुटण्याचा आणि सांडण्याचा धोका कमी होतो. लोखंडी आकडे लावून टांगण्याची सोय केली. चुलीवर पाण्याचे पातेले उकळत ठेवले आणि चार सुऱ्या आळीपाळीने त्यात बुडवल्या. कातडे आणि ओझरी एका बाजूला, एका माणसाकडे. गोश्त दुसऱ्या बाजूला, दुसऱ्या माणसाकडे. नवी धुतलेली ताडपत्री, आणि हात धुवायला साबण. बर्फाच्या लाद्या आणल्या. आणि सर्वांत आधी गरिबांचा वाटा निघाला. मुलांनी तो साडेनऊच्या आत घरोघर पोहोचवला आणि सोबत निरोप दिला, “आजच शिजवा, नीट शिजवा.” अकराच्या आत सगळे आवरले होते. एवढे सोपे असेल असे आम्हाला वाटले नव्हते.

स्वयंपाकघरातही काही गोष्टी बदलल्या. त्या इथे सांगतो, कुणाच्या उपयोगी पडाव्यात म्हणून.

गोश्त आम्ही आता वाहत्या नळाखाली जोरात धूत नाही. त्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर, कोथिंबिरीवर उडतात. धुवायचेच असेल तर पातेल्यात हलक्या हाताने धुतो आणि नंतर मोरी, ओटा, हात साबणाने धुतो. गोश्ताची सुरी आणि पाटी वेगळी आहे. कबाबासोबतचा कांदा आणि लिंबू आधी कापून झाकून ठेवतो. फ्रिजमध्ये मोठा गोळा ठेवत नाही, अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या करतो, म्हणजे आतपर्यंत लवकर गार होते. फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, फक्त झोपतात, म्हणून बाहेर काढलेले गोश्त ओट्यावर तासन्‌तास ठेवत नाही. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ताटात ठेवून वितळू देतो. खिमा त्याच दिवशी करतो आणि त्याच दिवशी संपवतो. भाच्याने एक छोटा थर्मामीटर आणून दिला आहे, तो कबाबाच्या पोटात खुपसून पाहतो. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी कबाब मधोमध मोडून पाहावा. गुलाबी असेल किंवा पाणी लालसर असेल तर परत शेगडीवर. नुसत्या रंगावर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नये, दोन-चार मिनिटे जास्तच द्यावीत. मुले कितीही ओरडली तरी.

अजून एक गोष्ट देगीची. लग्नाच्या, नियाजच्या मोठ्या देगीत गोश्त तासन्‌तास शिजते, म्हणून ते सुरक्षित असे आपण धरून चालतो. शिजते तेव्हा ते सुरक्षित असतेच. पण काही जंतूंची बीजे उकळीतही मरत नाहीत. देग रात्रभर कोमट राहिली की ती बीजे जागी होतात आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या पंगतीचे पोट बिघडते. उरलेले सालन लहान भांड्यांत पसरून गार करावे, उन्हाळ्यात तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावे आणि खाताना नुसते कोमट न करता खळखळ उकळावे. अम्मी सांगतात की त्यांच्या माहेरी गोश्त सकाळी येई, जोहरच्या आत शिजे आणि रात्रीपर्यंत संपे. उरलेले मीठ-हळद लावून कडक वाळवत. फ्रिज नव्हता, पण शिस्त होती. फ्रिज आल्यावर आम्ही शिस्त सोडली.

कत्तलखान्यांबाबत २००१ सालचे केंद्राचे नियम आहेत. मान्यताप्राप्त जागेतच जनावर कापावे आणि पशुवैद्यकाने ते आधी तपासावे. एका डॉक्टरने तासाला बारांपेक्षा जास्त आणि दिवसाला शहाण्णवपेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत, इतके बारीक त्यात लिहिले आहे. वर्षभर आपण जे गोश्त खातो ते अशा जागेतून यावे, तिथे पाणी, उजेड, नाली आणि डॉक्टर असावेत, ही मागणी करण्यात काही कमीपणा नाही. आपल्या मुलांच्या जिवासाठी ती करायलाच हवी. आणि ती आपल्यालाच करावी लागेल. जे गोश्त खात नाहीत ते आपल्यासाठी ती करणार नाहीत.

हे छापायला द्यावे की नाही यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी अम्मीच म्हणाल्या, “लिखो. खाला के पोते का बी लिखो.” म्हणून लिहिले आहे.

आमची धाकटी आता आठ वर्षांची आहे. यंदा ईदला शेगडीजवळ बसून तीच इतर मुलांना थांबवत होती. पहिला कबाब उतरला तेव्हा तिने तो हातात घेतला, मधोमध मोडला, आत पाहिले आणि म्हणाली, “अजून थोडा.” आम्ही तो परत शेगडीवर ठेवला.